गेल्या तीस दिवसांत

चहापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्याच्याभोवतीच आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीत घरखर्च मोजण्याचा एक नियम आहे. घरच्या चुलीवर जे शिजतं ते त्या घराच्या खर्चात धरायचं, खाणारा कुणीही असो. काढणीला आलेल्या मजुराला बांधावर दिलेली भाकरी मालकाच्या घरात मोजायची, मजुराच्या घरात नाही. पाहुण्याला दिलेल्या कपातली साखर, चहापूड आणि दूध यजमानाच्या नावावर. आणि हिशेब धरायचा तो पाहणीच्या तारखेआधीच्या तीस दिवसांचा. तो आदल्या रात्री संपतो. म्हणजे ज्या दिवशी मी अनुसूची, म्हणजे पाहणीची प्रश्नावली, भरायला एखाद्या ओसरीवर बसायचे, त्या दिवशी त्या घरानं मला पाजलेला चहा कुठल्याच रकान्यात बसत नसे. तो एका दिवसानं बाहेर राहायचा.

असा चहा मी छत्तीस वर्षं प्यायले. गुळाचा, शेळीच्या दुधाचा, कोरा. कधी एखादं पोर वाटी घेऊन मागच्या दारानं पळताना दिसे आणि मला कळे की साखर शेजारून उसनी येते आहे. त्याच वेळी माझ्या मांडीवरच्या कागदावर प्रश्न असे: गेल्या तीस दिवसांत साखर किती, किती रुपयांची? ती वाटी मी डोळ्यांनी पाहत असे आणि लिहू शकत नसे. देशाच्या घरखर्चाच्या एवढ्या मोठ्या हिशेबात तो चहा कुठेही नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी पुण्यात अर्थशास्त्र शिकले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर जे लिहिलं ते आम्ही अभ्यासलं होतं. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळायचे तर महिन्याला किती रुपये लागतात आणि तेवढे रुपये ज्यांच्याकडे नाहीत अशी माणसं देशात किती, याचा तो हिशेब. वर्गात आम्ही त्यांच्या निष्कर्षांवर तावातावानं भांडायचो. आकडे नमुना पाहणीतून घेतलेले आहेत हे ठाऊक होतं, पण ती पाहणी एसटीनं जाते, फाट्यावर उतरते आणि पुढे दोन कोस चालते, हे नोकरी लागल्यावर समजलं.

पाहणी माझ्याहून जुनी. १९५० च्या ऑक्टोबरात तिची पहिली फेरी सुरू झाली, ती फक्त खेड्यांत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांची ती कल्पना, आणि त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. देश नवा होता, आणि त्यातली माणसं काय खातात, काय नेसतात, कशावर पैसे खर्च करतात हे कुणालाच नेमकं माहीत नव्हतं. सगळ्यांना विचारणं अशक्य होतं. थोड्यांना विचारायचं, पण ते थोडे आपल्या मर्जीनं निवडायचे नाहीत, ही त्यातली खरी गोम. रस्त्याकडेचं गाव सोयीचं म्हणून घ्यायचं नाही, सरपंचाचं घर पुढे आलं म्हणून घ्यायचं नाही. आधी गावातल्या सगळ्या घरांची यादी करायची, मग नियमानं घरं काढायची, आणि ज्या घरावर बोट पडेल त्याच दारात उभं राहायचं.

मी १९८७ साली अन्वेषक म्हणून रुजू झाले. ४३वी फेरी चालू होती आणि देशभर दुष्काळ होता. पहिला वाटा सातारा जिल्ह्यातला, माण-खटावकडचा. पहिल्याच दारात पहिला प्रश्न मलाच आला: "आमचंच घर का?" पुढे हा प्रश्न हजार वेळा ऐकला. मागे काही संशय असायचा, काही भीती. कर बसेल, रेशन बंद होईल, जमिनीचं काही निघेल. मी सांगायचे, भिशीची चिठ्ठी काढतात तशी तुमची चिठ्ठी निघाली. भिशी म्हटल्यावर बायकांना पटायचं. मग पुढचं विचारायच्या, "चिठ्ठी निघाली, मग आमाला काय मिळनार?" यावर माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं. काही मिळणार नाही, असंच मी सांगायचे. आणि तरीही त्या पाट सरकवून द्यायच्या.

तो पाट सरकवण्याची किंमत काय होती, हे ज्यानं ती अनुसूची भरली आहे त्यालाच कळेल. तीनशेहून जास्त बाबी. तांदूळ रेशनचा किती, दुकानचा किती, घरचा किती. घरचं धान्य खळ्यावरच्या भावानं धरायचं, बाजारच्या नाही. तेल, मीठ, मिरची, हळद, चिंच, लसूण. काडेपेट्या किती. विडी, तंबाखू, मिश्री. रॉकेल. शेणी थापल्या तर त्यांचीही किंमत. मग वर्षभराचे कपडे, चपला, भांडी, दवाखाना, शाळा. दोन-दोन तास चालायचं. आणि हे त्या बाईला विचारायचं जिची भाकरी परातीत अर्धी थापलेली आहे, जिचं तान्हं रडतं आहे, जिच्या रोजगाराची वेळ टळून चालली आहे. एका दुपारची मजुरी माझ्यासाठी बुडवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांची मजुरी भरून देण्याची तरतूद कुठल्याही फेरीत नव्हती.

मापं तर त्यांनीच मला शिकवली. मी किलो विचारायचे, त्या पायली सांगायच्या. पायलीचे शेर चार हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण मापटं, चिपटं हे शब्द शहरात वाढलेल्या माझ्या कानाला नवे होते. बाजरीची पायली आणि शाळूची पायली वजनाला सारखी नसते, आणि या गावची पायली त्या गावच्या पायलीहून टिचभर लहान असू शकते, हेही नवं. एका म्हातारीनं माझा गोंधळ पाहून चिपटं माझ्या हातात दिलं, बाजरीनं भरलं, वरून हात फिरवून सपाट केलं आणि म्हणाली, "आता ह्ये तुमच्या काट्यावर घाला, पोरी, आन मग लिवा." तेव्हापासून माझ्या पिशवीत छोटा ताणकाटा असे. प्रत्येक नव्या गावात मी आधी एखाद्या घरचं माप वजन करून घ्यायची. हे कुठल्याही प्रशिक्षणात नव्हतं.

आणखी एक ऋण असं आहे की ते लिहायला संकोच वाटतो, पण ते वगळलं तर सगळंच खोटं होईल. मी सकाळी सहाच्या गाडीनं निघायची आणि रात्री परतायची. त्या काळात त्या गावांत संडास नव्हते. पुरुष सहकाऱ्यांना त्याचं काही नसे. मी पाणी प्यायचीच कमी. पण घरातल्या बायका ओळखायच्या. कुणीतरी हळूच विचारायची, "बाई, परसाकडं जायाचं का?" आणि टमरेल हातात देऊन बाभळींच्या आडोशाला न्यायची, पाठ करून उभी राहायची, कुणी येत असेल तर खाकरायची. ज्यांचं नाव मी अनुसूचीत घातलं आणि ज्यांनी माझं नाव कधी विचारलंही नाही, अशा किती जणींनी माझी राखण केली याची मोजदाद मी ठेवली नाही. ठेवायला हवी होती.

त्यातली एक मात्र विसरता येत नाही.

साल १९९४, जानेवारी. ५०वी फेरी. माण तालुक्यातलं गाव. नाव सांगणार नाही, कारण पाहणी करताना दिलेला शब्द अजून माझ्यावर आहे. घरात सासू, सून आणि तीन मुलं. सुनेचा नवरा मुंबईला माथाडी कामगार, धान्याच्या बाजारात पोती वाहणारा. वर्षातून दोनदा गावी येई, यात्रेला आणि पेरणीला. आमच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी, एकत्र राहणारी माणसं. सहा महिने किंवा त्याहून जास्त बाहेर असलेला माणूस त्यात धरायचा नाही. मी यादीतून त्याला वगळलं. सुनेनं विचारलं, "मालकांचं नाव नाय लिवलं?" मी नियम सांगितला. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजी मालक घरचं न्हाईत." मी म्हटलं, ते फक्त या कागदापुरतं. तिनं मान हलवली, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. व्याख्या बरोबरच होती. ती नसती तर देशभरची माणसं दोनदा मोजली गेली असती. पण व्याख्या बरोबर असली म्हणून ती ऐकणाऱ्याला लागत नाही असं नाही, आणि मी ते सांगताना कागदाकडे बघत सांगितलं होतं, तिच्याकडे नाही.

अनुसूचीच्या शेवटाकडे एक प्रश्न असे: घरातल्या सगळ्यांना वर्षभर रोज पोटभर खायला मिळतं का? उत्तरं तीन. वर्षभर मिळतं; काही महिने मिळतं; कुठल्याच महिन्यात मिळत नाही. दुसरं उत्तर आलं तर कोणते महिने ओढाताणीचे, त्यांवर खूण करायची. खर्चाचे सगळे आकडे एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे, कारण इथे सरकार मोजत नव्हतं, विचारत होतं. तुम्हाला काय वाटतं, पुरतं का? साऱ्या अनुसूचीत माणसाला त्याचं मत विचारणारी अशी जागा फारच थोडी.

आणि ती जागा मी उरकत असे. दोन तास झालेले, गाडीची वेळ झालेली, समोर सासरा किंवा सासू किंवा गावचे दोन पुढारी बसलेले. मी विचारायची, "पोटभर मिळतं ना सगळ्यांना?" त्या 'ना' मध्येच उत्तर असे. "मिळतं की," असं कुणीतरी म्हणे आणि मी एक लिहून पान उलटे. सात वर्षांच्या नोकरीत मला यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं.

त्या दिवशीही तसंच झालं. सासू म्हणाली, "देवाच्या दयेनं मिळतं." सून चुलीकडे बघत होती. मी एक लिहिला.

मग सून मला परसाकडे घेऊन गेली. ओढ्याच्या पलीकडे बाभळी होत्या. परत येताना ती थांबली आणि म्हणाली, "मगाशी तुमी इचारलं त्ये." मला आठवेना कोणतं. "प्वाटभर मिळतं का म्हनून. आत्तीसमोर कसं सांगू? आखाड-सरावनात आमी दोघी सांजच्याला जेवत न्हाई. आत्ती म्हनत्यात, मला भूक न्हाई. मी म्हनते, मला भूक न्हाई. पोरांस्नी वाढतो. दोघींस्नी ठावं हाय, पर कुनी बोलत न्हाई." थोड्या वेळानं म्हणाली, "तुमी समद्यांसमोर इचारता, म्हनून समदी व्हय म्हनत्यात. कोन म्हनंल, आमच्या घरात उपाशी ऱ्हात्यात?"

मी विचारलं, "हे लिहू का?"

"नाव नाय ना कळत कुनाला?"

"नाही."

"मग लिवा."

ओढ्याच्या काठावर, दगडावर कागद ठेवून मी एक खोडला आणि दोन लिहिला. जुलै आणि ऑगस्ट यांवर खूण केली. ती शेजारी उभी राहून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण खोडलेलं तिला कळलं. घरी परतल्यावर सासूनं चहा ठेवला होता. मी तो प्यायला आणि निघाले. गाडी चुकली, म्हणून रात्री पोलीस पाटलांच्या घरी मुक्काम केला.

झोप आली नाही. त्या गावातली आधीची भरलेली घरं माझ्या पिशवीत होती आणि प्रत्येकात त्या जागी एक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणवठ्यावर गेले आणि त्या त्या घरच्या बाईला एकटं गाठून पुन्हा विचारलं. या खेपेला 'ना' लावला नाही. घाई केली नाही. तिघींनी उत्तर बदललं. एकीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि कळशी डोक्यावर घेऊन निघून गेली. तिच्या घरचा एक मी तसाच ठेवला. पण तो खरा आहे असं मला आजही वाटत नाही.

आमचे अधीक्षक तपासणीला आले तेव्हा खोडाखोड पाहून थांबले. धान्याचा खर्च ठीक दिसतो आहे, मग इथे दोन कसा? मी सांगितलं की तीस दिवस जानेवारीचे आहेत, सुगीनंतरचे, आणि भूक श्रावणातली आहे. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "आमच्या आईचंही तसंच होतं." मग प्रत्येक खोडलेल्या जागी स्वतःची सही केली, म्हणजे पुढे कुणी शंका काढू नये. त्यांचंही माझ्यावर ऋण आहे. दुसरा एखादा अधिकारी ती खोडाखोड निष्काळजीपणा समजला असता आणि पुढच्या वेळी मी ती केलीच नसती.

त्या फेरीचा अहवाल नंतर आला. ग्रामीण भारतातल्या ९४.५ टक्के घरांनी वर्षभर पोटभर मिळतं असं सांगितलं होतं. मी तो आकडा बराच वेळ बघत बसले. त्यात त्या घराची माहिती बरोबर गेली होती, त्या गावच्या आणखी तीन घरांची गेली होती. पण १९९४ च्या त्या जानेवारीआधी त्याच फेरीत मी भरलेली कितीतरी घरं त्या ९४.५ मध्ये होती, आणि ती मी 'ना' लावून विचारलेली होती. त्यांतल्या कुणाकुणाच्या घरी सुना आणि सासवा एकमेकींना भूक नाही म्हणत होत्या, हे मला कधीच कळणार नाही. मी ते आकडे खोटे म्हणत नाही. पाहणीवर माझा विश्वास आहे आणि तो वाढतच गेला. पण माझ्या हातून गेलेले एक मला माहीत आहेत.

पुढच्या सगळ्या वर्षांत तो प्रश्न मी कधीही चारचौघांत विचारला नाही. चुलीपाशी विचारला, विहिरीवर विचारला, निवडण-टिपण करताना शेजारी बसून विचारला. हाताखाली नवी मुलं आली तेव्हा त्यांना तसंच शिकवलं. कुणाकडून शिकलात असं त्यांनी विचारलं तर 'माणच्या एका वहिनींकडून' एवढंच सांगत असे.

५५वी फेरी, १९९९-२०००. अर्थशास्त्रज्ञांत वाद होता की तीस दिवसांचं खाणं माणसाला नीट आठवतं की सात दिवसांचं. त्या फेरीत दोन्ही शेजारी शेजारी विचारायचं ठरलं. त्या आकड्यांवरून पुढे किती वर्षं वाद झाला! मला मात्र तो पहिल्या आठवड्यातच कळला होता. सांगली जिल्ह्यातल्या एका बाईनं सात दिवसांचं तेल सांगितलं आणि तीस दिवसांचं विचारताच म्हणाली, "चारनं गुना की बाई, तुमाला शाळा शिकीवली न्हाई का?" एक उत्तर दुसऱ्याला ओढत होतं. मी ते टिपणात लिहून वर पाठवलं. ते कुणी वाचलं की नाही ठाऊक नाही. पण ती खूण तिनं दिली होती, मी फक्त उतरवून घेतली.

२००३ सालच्या ५९व्या फेरीत शेतकऱ्यांची वेगळी पाहणी झाली. तीत शेती आवडते का, असा एक प्रश्न होता. या प्रश्नानं शेतकऱ्यांचा जितका वेळ घेतला तितका कर्जाच्या सगळ्या रकान्यांनी मिळून घेतला नाही. कर्ज ते भराभर सांगत, सावकाराचं वेगळं, सोसायटीचं वेगळं. पण आवडते का, हे त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. खटावमधले एक आजोबा खूप वेळ गप्प बसले. मुलगा आतल्या खोलीत होता. मग ते माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, "आवडती. पर मोठ्यानं वाचू नका. पोरानं ऐकलं तर जानार न्हाई पुन्याला." मी 'होय' लिहिलं आणि पान लगेच उलटलं. देशभरातल्या शेतकऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी संधी मिळाली तर दुसरं काही करू असं सांगितल्याचं पुढे सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. तो आकडा वाचताना मला उरलेल्या साठांतले ते आजोबा दिसत. त्यांचं 'होय' खरं होतं. आणि मुलानं जावं हेही तितकंच खरं होतं. त्या चौकटीत एकच मावलं.

मग २००४-०५. त्या ६१व्या फेरीच्या आकड्यांवरून सुरेश तेंडुलकर यांच्या समितीनं दारिद्र्याची नवी रेषा काढली: खेड्यात माणशी महिना ४४६ रुपये ६८ पैसे. दूरचित्रवाणीवर त्या रेषेवरून रणं माजली. २०११ साली तर दिवसाच्या ३२ रुपयांवरून घराघरात बोललं जाऊ लागलं. माझी भाची मला म्हणाली, "आत्या, हे अडुसष्ट पैसे कुठून आले गं? कुणाच्या तरी डोक्यातून?" मी तिला म्हटलं, डोक्यातून नाही, काडेपेटीतून. मिश्रीतून, चिपटंभर हुलग्यांतून, पावशेर गोडेतेलातून. लाखाहून जास्त घरांतल्या कुणीतरी बसून आठवून आठवून सांगितलं तेव्हा शेवटी पैसे आले. ती रेषा फार खाली ओढली असं मलाही वाटतं आणि ते मी कार्यालयातही बोलत असे. पण रेषा ओढणाऱ्यांवर चिडलेली माणसं जेव्हा "हे सगळे आकडे बनावट" म्हणून टाकत, तेव्हा मला ते सांगणाऱ्या बायकांचा अपमान वाटे. त्यांनी काही बनवलं नव्हतं. त्यांनी भाकरी थांबवून सांगितलं होतं.

२०१९ च्या वेळ-वापराच्या पाहणीपर्यंत कागद जाऊन हातात टॅब आला होता आणि मी देखरेखीला होते. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासात काय काय केलं, हे विचारायचं. कोल्हापुरात एका घरात मी नव्या मुलीबरोबर गेले होते. बाई म्हणाली, "काही नाही हो, घरीच होते दिवसभर." मग अर्ध्या-अर्ध्या तासानं ती स्वतःचा दिवस सांगत गेली आणि सांगता सांगता तिचा आवाज बदलत गेला. रात्री साडेदहाला ओटा पुसल्याचं सांगून ती थांबली. नवरा बाजूला पेपर वाचत होता, त्यानं पेपर खाली ठेवला होता. पाहणीत पुढे दिसलं की देशात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. पुरुषांतले ज्यांनी घरकाम केलं त्यांची ९७, आणि असे पुरुष शंभरात २६. बायका ८१. हे आकडे मी भाषणांत ऐकते तेव्हा मला तो खाली ठेवलेला पेपर आठवतो.

माणमधल्या त्या गावी मी परत गेले नाही. गाव पुन्हा नमुन्यात आलं नाही, आणि नमुन्याशिवाय जाणं म्हणजे गावाला दाखवून देणं की ही बाई कुणाकडे आली होती. शिखर शिंगणापूरला जाताना एसटी त्या फाट्यावर थांबते. मी खिडकीतून ओढ्याच्या दिशेनं बघते. बाभळी आता कमी झाल्या आहेत. त्या वहिनी आज साठीच्या आसपास असतील, माझ्याच वयाच्या. मालक मुंबईहून परतले असतील तर आता एका चुलीवर जेवत असतील, आणि त्यांचं नाव यादीत बसेल.

२०२३ मध्ये मी निवृत्त झाले. त्याच वर्षी घरखर्चाची पुढची पाहणी सुरू झाली. तीत एका घरी तीन वेळा जायचं होतं, तीन प्रश्नावल्या घेऊन. एका दुपारी आमच्या पुण्यातल्या सोसायटीत गेटवर बोलाचाली ऐकू आली. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, हातात टॅब घेतलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. वॉचमन तिला सोडत नव्हता. वरच्या मजल्यावरच्या ज्या घरावर बोट पडलं होतं त्यांनी इंटरकॉमवर 'वेळ नाही' म्हणून सांगितलं होतं. तिसरी खेप होती तिची. मोठ्या सोसायट्यांत हे असंच होतं, आणि मग देशाच्या हिशेबात सुखवस्तू घरं कमी दिसतात.

मी खाली गेले. वॉचमनला सांगितलं, माझ्याकडे पाहुणी आली आहे. वरच्या वहिनींना माझ्या फोनवरून विनंती केली. माझ्या ओळखीखातर त्या पाच वाजता बसायला तयार झाल्या. पाचाला अजून पाऊण तास होता. मुलगी लातूरकडची होती, सकाळी साडेसातला बाहेर पडलेली. माझं घर तिच्या यादीत नव्हतं, मला तिला काहीच सांगायचं नव्हतं. ती दारात उभी राहून म्हणाली, "काकू, मी इथेच पायऱ्यांवर बसते, चालेल."

मी चहाचं आधण ठेवलं आणि तिला म्हटलं, "बाळ, चहा व्हायला वेळ आहे. डाव्या हाताला बाथरूम आहे, दिवा बाहेर आहे. आधी आत जाऊन ये."

तिनं खाली बघितलं, आणि चपला काढल्या.